दोनडोळ्याचं टोपडं

कोरेगावच्या स्टँडसमोर मानसिंगाचा फोटो स्टुडिओ आहे. आत एसी, तीन डिजिटल कॅमेरे आणि लग्नाच्या शूटिंगला ड्रोन. एवढं असून हा माणूस सुखात नाही, कारण गावातल्या सयाजीकडं एकच कॅमेरा आहे आणि तो मानसिंगाकडं नाही.

तो कॅमेरा म्हणजे एक उभी पेटी, पुढं एकावर एक दोन भिंगं. गाव तिला दोनडोळ्या म्हणतं. पेटी पोटाशी धरायची आणि मान खाली घालून पेटीच्या डोक्यावरच्या काचेत बघायचं. वरच्या भिंगातून नुसतं दिसतं, फोटो निघतो तो खालच्या भिंगातून. शिवाय काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळं नवखा माणूस भलतीकडंच सरकतो आणि समोरचा चौकटीतून निसटतो. कॅमेरा मूळचा दादासो मास्तरांचा. त्यांनी हे मानसिंग आणि सयाजी दोघांनाही एकाच दिवशी शिकवायला घेतलं. मानसिंग एका दुपारात शिकला, सयाजीला महिना लागला. मास्तर गेले आणि कॅमेरा मिळाला सयाजीला.

"मानसिंगाचं सवताचं दुकान हाय. सयाजीकडं काय हाय?" मास्तरांची बायको हरणाबाई एवढंच म्हणाली. वर एक कापडी पिशवी मानसिंगाच्याच हातात दिली. "ही बी सयाजीचीच. जाता जाता त्याच्याकडं टाक."

पिशवीत पिवळी काच होती, कातडी पट्टा होता आणि खालच्या भिंगावर बसणारं पत्र्याचं हूड होतं. मास्तर त्याला टोपडं म्हणायचे. ऊन समोरून आलं की टोपडं लावायचं, नाहीतर फोटो पांढुरका पडतो. सयाजीचं घर वाटेवरच होतं, पण मानसिंगाचे पाय तिकडं वळले नाहीत. पिशवी त्याच्या कपाटात गेली. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. चणे आहेत तर दात नाहीत, अशी गत. तरी दर दिवाळीला तो ते टोपडं पुसून परत जागेवर ठेवायचा.

गावात घरटी एक माणूस फौजेत. पोरगं भरती झालं की जायच्या आधी वेशीत त्याचा फोटो काढायचा, आणि तो दोनडोळ्यानंच. पाठ साताऱ्याच्या रस्त्याकडं, तोंड गावाकडं, म्हणजे पोरगं परत गावात येतं. वेळ दिवस कलतानाची. मावळतीचं तिरकं ऊन थेट भिंगात यायचं. टोपडं नाही म्हटल्यावर सयाजी आपला डावा हात खालच्या भिंगाशेजारी आडवा धरायचा. वरच्या काचेत तो हात दिसायचा नाही, फोटोत मात्र एका कोपऱ्यात बोटांची धुरकट सावली उतरायची.

मानसिंगाच्या नजरेनं ती चूक होती, तीही पहिल्या इयत्तेतली. पण लोकांना कोण सांगणार? ते म्हणायला लागले, ज्याच्या फोटोत सयाजीचा हात, तो सुखरूप माघारी येतो. सव्वीस वर्षांत एकतीस पोरं गेली आणि एकतीस आली. हल्ली तर सांगलीहून कॉलेजची पोरं दोनडोळ्या बघायला यायची आणि सयाजीचेच फोटो काढून मोबाईलवर टाकायची. मानसिंगाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जो शिकायला महिना लागला, त्याची ही मिजास!

अशात मानसिंगाचा नातू शिवतेज भरती झाला.

"तुझा फोटो मी काढणार," मानसिंग म्हणाला.

"तुमी पासपोर्टचा काढलाय की, आबा," शिवतेज म्हणाला. "वेशीतला सयाजीनानाच काढत्यात."

हे फार लागलं. रात्रभर विचार करून मानसिंगानं मनात मांडे खाल्ले. टोपडं लावलं की बोटांची सावली जाईल, फोटो लख्ख येईल, आणि इतकी वर्षं ज्याला आशीर्वाद म्हणत होते ती नुसती चूक होती हे गावाला कळेल. सोमवारी दुपारी तो टोपडं घेऊन सयाजीकडं गेला.

"जुन्या बाजारात घावलं," तो म्हणाला. "नातवाचा फोटू हाय, जरा चांगला येऊ दे."

सयाजीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यानं टोपडं बोटांनी चाचपलं, त्याच्या कडेला आलेल्या पोच्यावर अंगठा थांबवला, आणि ते भिंगावर फिरवून बसवलं.

त्याच संध्याकाळी वेशीत फोटो काढला आणि मंगळवारी दुपारी तो हातात आला. असा फोटो त्या कॅमेऱ्यातून मास्तरांच्या नंतर निघाला नव्हता. शिवतेजची पापणी न पापणी मोजून घ्यावी. मानसिंग खूश. पण सून रेश्मा फोटो उलटसुलट करून चारी कोपरे बघत राहिली.

"मामा, ह्यात हात कुठाय?"

"अगं, हात म्हंजे चूक असती ती."

"एकतीस जणांच्या फोटोत हाय आन् माझ्याच लेकाच्या न्हाई व्हय?" तिनं फोटो त्याच्या पुढ्यात ठेवला. शिवतेज बुधवारी पहाटेच निघायचा होता. आता मानसिंगानंही फोटो उचलून चारी कोपरे बघितले. तो चूक जाणत होता, भिंग जाणत होता, पण बत्तिसावा फोटो त्याच्या घरचा होता.

त्या संध्याकाळी पुन्हा सगळे वेशीत उभे राहिले. मानसिंग सयाजीजवळ गेला. "गड्या, टोपडं बाजारात घावलं न्हवतं. हरणाबाईनं तुझ्यासाठी दिलतं. मी ठेवून घेतलं."

"ठावं हाय," सयाजी म्हणाला. "त्यो पोचा माझ्याच हातनं आलाय. मास्तरांचा मार बी मीच खाल्लाय."

"मग कालच का बोलला न्हाईस?"

"बोलून काय करू रं? तू टोपडं ठेवलंस म्हणून मला हात धराय लागला." त्यानं टोपडं काढून मानसिंगाच्या तळहातावर ठेवलं. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. जपून ठेव."

सयाजीनं मान खाली घातली आणि डावा हात भिंगाशेजारी नेला. मानसिंग टोपडं मुठीत धरून बघत राहिला. रेश्मानं सयाजीच्या पाया पडून सासऱ्याला सांगितलं, "मामा, फोटू आला की तेवढी फ्रेम करून आणा."

दुसऱ्या दिवशी, शिवतेज गेल्यावर, सयाजीनं फोटो स्टुडिओत आणून दिला. मानसिंगानं नातवाचा चेहरा नंतर बघितला. आधी कोपरा बघितला. बोटांची सावली होती. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच पोटात पुन्हा तेच जुनं दुखणं उठलं. चोरी त्याची, पुण्याई सयाजीची, आणि आता फ्रेमही मानसिंगालाच करायची होती. त्यानं दुकानातली सगळ्यात चांगली फ्रेम काढली आणि कोपरा झाकला जाणार नाही अशा बेतानं फोटो बसवला.