थोरली कामाला लागली

लॉजच्या चादरींची घडी एकटीने घालता येत नाही. एकीने जागेवर उभं राहायचं, दुसरीने कोपरे जुळवत तिच्याकडे चालत यायचं. या लाँड्रीत उभी राहायची ती थोरली आणि चालायची ती तिची धाकटी जाऊ.

दुकान थोरलीचं. दीर गेला तेव्हा नातलग कुजबुजले, आता ही धाकटीला मोलकरणीसारखी राबवणार. थोरली कुणाशी भांडली नाही. तिने दुकानाच्या किल्ल्यांचा दुसरा जुडगा करून धाकटीच्या हातात ठेवला आणि त्या दिवसापासून मिळकतीत निम्मा वाटा दिला.

यंदा धुलाईचं मोठं मशीन कायमचं बंद पडलं. दोघी हाताने चादरी पिळू लागल्या, तरी काम मागे पडू लागलं. लॉजच्या मॅनेजरने सांगून टाकलं, महिनाअखेरपर्यंत नवं मशीन आलं नाही तर चादरी दुसरीकडे जातील. चादरी गेल्या की दुकानाला कुलूप.

छोट्या धंद्यांना मशीनसाठी सरकारी मदत मिळते, म्हणून थोरली कचेरीत गेली. तिथे नियम बदलला होता. नावापुरते धंदे दाखवून लोक मदत लाटत, म्हणून आता मालकाखेरीज निदान एक पगारी माणूस हवा.

"जावेला नोकर दाखवा की," कारकून म्हणाला. "कागदावरच तर आहे."

"ती वाटेकरी आहे. नोकर नाही."

"मग बसत नाही नियमात."

धाकटीने ऐकून कपाळावर हात मारला. "लिहायचं होतंत ना जाऊबाई! माझ्या अंगाला काय भोकं पडणार होती?"

"तुझ्या नाही, माझ्या पडली असती," थोरली म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी दुकान धाकटीच्या नावावर करायला निघाली. पगारी माणूस म्हणून तिने स्वतःचं नाव घातलं.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? उद्या मी हाकलून दिलं तर?"

"मग तुझ्या चादरींचे डाग कोण काढेल? तुला शाई आणि चहा यातला फरक कळत नाही अजून."

कागदापुरतं काही करणं थोरलीला जमत नाही. ती खरोखर पगारावर आली. गल्ला धाकटीकडे गेला, लॉजशी बोलणीही तीच करू लागली. तपासणीला साहेब आले, तेव्हा थोरली एका गिऱ्हाइकाला झापत होती. साहेबांनी साहजिकच तिलाच मालकीण समजून नमस्कार केला.

"त्या तिकडे," थोरलीने हातातल्या इस्त्रीने धाकटीकडे बोट केल्यासारखं केलं. "मी कामाला आहे. सुट्टी मागितली तर देत नाही मेली."

मदत मंजूर झाली आणि मुदतीच्या आत मशीन आलं. मी माझे कपडे टाकायला दुकानात गेलो तेव्हा त्यातून निघालेल्या चादरी वाळून आल्या होत्या. धाकटी जागेवर उभी होती. थोरली कोपरे धरून चालत आली, पण सवय नसल्याने एक कोपरा तिच्या हातून निसटला.

"जाऊबाई, लक्ष कुठंय?"

"काप पगार," थोरली म्हणाली आणि चादर झटकून पुन्हा मागे गेली.