मामाच्या नावाचा मासा

लातूरच्या आमच्या शाळेत आठवीला अन्नभेसळीचा धडा मी शिकवते. शिकवते म्हणजे जीव तोडून शिकवते. मुलांना घरून रिकामी वेष्टनं आणायला लावते आणि त्यांच्यावरची तारीख, वजन, माल कुठं बनला, कशाचा बनला, सगळं वहीत उतरवून घेते. कोपऱ्यावरचा किराणावाला मला लांबून पाहिलं की पुढचे पुडे मागे सारून मागचे पुढे काढतो. आमच्या स्टाफरूममध्ये थट्टा चालते की ह्या बाई लग्नाच्या पंगतीत जिलबीलासुद्धा तारीख विचारतील. विचारलीही असती, माझा काही भरवसा नाही. तर अशी ही मी, वर्षभर माझ्या आजारी आईला खोट्या नावाचा मासा खाऊ घालत होते. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ हे मला तोंडावर ऐकवायला कुणी नव्हतं, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं.

आईचं माहेर नांदेडकडं, विष्णुपुरीच्या धरणाच्या वरच्या अंगाला, अगदी गोदावरीच्या काठावर. आजोबा शेती करायचे आणि उरलेल्या वेळात जाळं टाकायचे. आई म्हणते ते उलटं होतं, जाळ्यातून वेळ उरला तर शेती. तिथून ती लग्न होऊन लातुरात आली, जिथं नळाला पाणी आलं तरी गल्लीत बातमी होते. आमच्याकडं वार पाळायची पद्धत नाही, मासा कुठल्याही दिवशी चालतो, पण इथल्या माशाला आईनं कधी मासा म्हटलंच नाही. तिच्या लेखी मासा म्हणजे आजोबा पाठवायचे तो. पोट साफ करून, आतून बाहेरून हळदमीठ चोळून, ओल्या फडक्यात गुंडाळून ते एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायचे आणि आई स्टँडवर जाऊन तासन्‌तास उभी राहायची. आजोबा गेले आणि ते फडकं यायचं थांबलं. मामांनी ती रीत काही पुढं चालवली नाही.

मामांचं आणि आईचं बोलणंच तुटलं होतं. माझे वडील गेले तेव्हा मामा तिसऱ्या दिवशी आले, रडले, गेले. पंधरा दिवसांनी पुन्हा आले ते हक्कसोडपत्राचा कागद घेऊन. माहेरच्या जमिनीत आईचा दोन एकरांचा वाटा निघत होता, तो तिनं सोडल्याची सही त्यांना हवी होती. बहिणींनी अशा सह्या करून द्यायच्या असतात असं आमच्याकडं गृहीतच धरतात. आईनं एवढंच विचारलं की अजून घरात भेटायला माणसं येताहेत आणि तू कागद आणलास होय. मामांनी समोरचा चहा तसाच ठेवला आणि निघून गेले. त्याला सात वर्षं झाली होती. आईला जमिनीची हाव नव्हती, तिथं काय पिकतं हेही ती कधी विचारत नसे. पण त्या गावात तिचं म्हणून जे काही उरलं होतं, ते तेवढंच होतं.

मागच्या वर्षी आईला ताप आला. तीन आठवड्यांनी ताप गेला, पण जाताना भूकही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, अंडी द्या, मासे द्या, अंगात काही उरलेलं नाही. मी ताट घेऊन बसायची आणि ती तोंड फिरवायची. तिला उठवून बसवताना तिचं वजनच हाताला लागत नसे, आणि मला भीती वाटायची. एका संध्याकाळी ती माझ्याकडं न बघता म्हणाली की नदीचा मासा असता तर दोन घास खाल्ले असते.

मी ठरवलं, रविवारी नांदेडला जायचं आणि विष्णुपुरीहून मासा आणायचा. खरंच ठरवलं होतं. पण जायला चार तास, यायला चार तास आणि घरात तपासायला उत्तरपत्रिकांचे तीन गठ्ठे. शनिवारी शाळेतून परतताना माझे पाय आपोआप मासळी बाजाराकडं वळले.

तिथल्या एका दुकानावर निळ्या रंगात ‘गोदावरीचे ताजे मासे’ असा बोर्ड आहे. सवयीप्रमाणे मी उलटतपासणी सुरू केली, की गोदावरीचा म्हणजे कुठला, धरला कधी, आणला कशातून. दुकानदार वयस्कर होता, त्याला माझा कंटाळा आला असावा. त्यानं सरळ सांगून टाकलं की बोर्ड जुना आहे, माल सगळा आंध्रातल्या तळ्यांचा, पाळलेला. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून ट्रकनं येतो. नदीचा मासा कधीमधी येतो, तो हॉटेलवाले सकाळीच उचलतात. पण हाही रोहूच आहे आणि सस्ता आहे. म्हणजे तो माणूस माझ्याशी खोटं बोलला नाही, हे मला मुद्दाम नोंदवून ठेवायचं आहे. खोटं पुढं माझ्या स्वयंपाकघरात सुरू झालं.

घरी येऊन मासा चिरला तर पोटात बोटभर जाडीची पिवळी चरबी. मांसावर बोट दाबलं, खळगा पडला तो तसाच राहिला. ताज्या माशाचा खळगा लगेच भरून येतो, हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवते. शिवाय चिखलाचा वास. मी लिंबू चोळून तीनदा धुतला, तरी तो काही जाईना. मग मी काळी पिशवी कचऱ्यात लपवली, माशाला आजोबांसारखं हळदमीठ लावलं, जुन्या धोतराचं फडकं भिजवून त्यात तो गुंडाळला आणि आईसमोर नेला. म्हणाले, नांदेडहून आलाय, कंडक्टरबरोबर आला.

माझ्या डोक्यात होतं की सांगायचं, शाळेतल्या कुणीतरी मागवून दिला. पण आई उठून बसली. आपणहून बसली. फडक्यावर हात ठेवून तिनं विचारलं, “कुणी धाडला?” आणि ती असं काही बघत होती की माझ्या तोंडून निघून गेलं, “मामांनी.”

त्या दिवशी ती अर्धी भाकरी आणि दोन तुकडे जेवली. पहिल्या घासाला थांबली, माझ्याकडं पाहिलं, काहीतरी म्हणणार होती. मी विचारलं तर म्हणाली, काही न्हाई, चांगला हाय. तिचे डोळे भरून आले होते. मी ते तिखटावर ढकललं.

एकदा खोटं बोलून भागत नाही हे मला ठाऊक असायला हवं होतं. पंधरा दिवसांनी आईनं विचारलं की गाडीनं काही आलं का, आणि मी पुन्हा बाजारात गेले. मग ते ठरूनच गेलं. पंधरा दिवसांनी एक रोहू, एक फडकं, एक थाप. आई सुधारत गेली. आधी भिंत धरून, मग न धरता अंगणात जाऊ लागली. शेजारणींना सांगू लागली की भाऊ नांदेडहून मासे धाडतो. आणि मी उंबऱ्यात उभी राहून मान डोलवायची.

तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, मामाला फोन लाव, कागद तयार ठेव म्हणावं, मी सही करायला येते.

मी खूप विरोध केला. इतकी घाई कशाला, आधी नीट बरी हो, तुझा हक्क आहे, कायद्यानं आहे, सगळं बोलून झालं. फक्त जे बोलायला हवं होतं ते सोडून. बाथरूममध्ये आरशासमोर मी ते दोनदा म्हणूनही पाहिलं. पण आई आता दीड भाकरी खात होती, आणि मी स्वतःला समजावलं की आधी तिची तब्येत, मग खरंखोटं. हे समजावणं किती सोयीचं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. मला पकडले जायची भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

शेवटी मी मामांना फोनवर फक्त सहीचं कळवलं आणि गाडी करून आम्ही नांदेडच्या रजिस्ट्री ऑफिसात गेलो. मामा दोन साक्षीदार घेऊन आधीच आले होते, इस्त्रीच्या सदऱ्यात. आईनं त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, मासे पोचतात बरं का, एवढ्या लांबून आठवणीनं धाडतोस. मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवर लावलेली सूचना वाचू लागले, कुठल्या कागदाला किती फोटो जोडायचे ती. मनात म्हणत होते, आता विचारतील, कसले मासे, आणि सगळं संपेल, आणि संपलं तर बरंच.

“त्यात काय एवढं, अक्का,” मामा म्हणाले.

आणि त्यांनी सहीसाठी पेन पुढं केलं.

परतीच्या वाटेवर मला मामांचा असा संताप आला होता की बोलायची सोय नव्हती. माणसानं एवढं निर्लज्ज असावं? न पाठवलेल्या माशाचं श्रेय तोंड वर करून घ्यावं? लोहा मागे पडेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना वाट्टेल ते बोलून घेतलं. मग लक्षात आलं की ते श्रेय त्यांच्या हातात नेऊन कुणी ठेवलं होतं. आणि ती जमीन कधी ना कधी माझ्याकडं आली असती, हाही विचार येऊन गेला. त्याची लाज वेगळीच. आई शेजारी शांत झोपली होती. कितीतरी दिवसांनी तिला प्रवासात झोप लागली होती.

मामांचा आठवड्याभरात एक फोन आला, नंतर नाही. मला मात्र थांबता येईना. सही झाल्याबरोबर मासे बंद झाले तर आईला काय वाटेल? म्हणजे आता तिच्या भावाची अब्रू सांभाळायचं कामही माझ्याच गळ्यात. मी बाजारात जायची, मासा घ्यायची, फडकं भिजवायची. भेसळ पकडण्यात माझा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं आणि करण्यातही नव्हतं.

या उन्हाळ्यात तो दुकानदार आपणहून बोलला. नेहमीचा मासा मागितला तर हात थांबवून म्हणाला, “मॅडम, घरात कुणी आजारी हाय म्हनला होता ना तुम्ही? त्यांना हा नका देऊ. ह्या दिवसांत माल लई दिवसांचा येऊन राहिला. तळ्यात कसली दवा टाकतात, बर्फात काय टाकतात, आमाला बी ठाव न्हाई.”

मी रिकामी पिशवी घेऊन घरी आले. वर्षभर मी आईला काय घातलं होतं? औषध द्यावं तसं नेमानं घातलं होतं. त्या दिवशी मी ठरवलं की सगळं सांगायचं, मासाही आणि मामाही.

आई बाजेवर बसून कैऱ्या चिरत होती. मला पाहून तिनं विचारलं की आज गाडीनं काही आलं न्हाई का. मी तिच्यासमोर खाली बसले. म्हणाले, “माय, तो मासा नदीचा नव्हता. एकदाही नव्हता. इथल्या बाजारातला, तळ्यात पाळलेला, बर्फातला मासा होता.”

पुढचं वाक्य जिभेवर होतं. पण आई हसली.

“बाई, मी नदीकाठची हाय,” ती म्हणाली. “पहिल्याच घासाला कळलं मला. तळ्याचा मासा तोंडात तुपट लागतो. चिखलाचा वास न्हाई जात, किती बी लिंबू चोळा.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? त्याच्या नदीत आता मासा कुठं राहिला असंल. तरी इकत घेऊन, बाबा लावायचे तसं हळदमीठ लावून, धाडून राहिला बिचारा. न्हाईतर तुझ्याकडं पैसे देत असंल, हितंच घेऊन दे म्हणत असंल.” तिनं कैरीची फोड ताटात टाकली. “म्हणून तर सही केली मी. नदीचा असता तर न्हाई केली असती. नदीचा मासा काय, फुकटचा.”

मी तिच्या हातातल्या सुरीकडं बघत राहिले. आता बोल, आता बोल, असं स्वतःला म्हणत राहिले. दुकानदाराचं बोलणं तेवढं तिला सांगितलं, की असा मासा आता खाऊ नये.

“मग त्याला फोन लाव,” आई म्हणाली. “म्हणावं, मासा नको धाडू. रिकाम्या हातानं ये. पण ये म्हणावं.”

मी फोन घेऊन अंगणात गेले. मामांना दोनदा लावला. दोन्ही वेळा पूर्ण वाजला आणि बंद झाला. मी आत आले.

“येतो म्हणाले,” मी सांगितलं.

“कधी?” आईनं विचारलं.