कुठंही न जाणारा कॉम्प्युटर

आमच्या घरात कुठलीही वस्तू यायची, तर आधी तिला एक परीक्षा द्यावी लागते. बदली झाली तर ही ट्रकमधून धड पोचेल का? नवरा बँकेत, त्यामुळे दर तीन-चार वर्षांनी नवं गाव. आमचे पलंग सुटे होणारे, कपाटं पत्र्याची, आणि भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी दोघांची बैठक बसते. भोपाळहून निघताना टीव्हीची काच फुटली, तेव्हापासून मोठा पडदा म्हटलं की मी आधी नकोच म्हणते.

कोलकत्यात मात्र आम्ही रेंगाळलो. आधी मुदतवाढ, मग शहरातल्या शहरात दुसरं ऑफिस. मुलगी चौथीत असताना शहरातल्या बेहाला भागात राहायला आलो, आणि बघता बघता तिची दहावी झाली. यंदा सांगलीला जायचं जवळजवळ ठरलं होतं. नवऱ्यानं अर्ज करायचा, बस. माझी बहीण सांगलीतच राहते. तिनं आमच्यासाठी घरं बघायलाही सुरुवात केली होती.

मला सांगलीची ओढ किती, तर बसमध्ये एखाद्या अनोळखी बाईनं "जरा सरका की वो" म्हणावं आणि मी मुद्दाम न सरकता तिच्याशी भांडावं, एवढ्यासाठीसुद्धा मी आसुसले होते. हिंदीत भांडताना मी नेहमी हरते आणि बंगालीत तर सुरुवातच होत नाही. इथली माणसं वाईट नाहीत, उलट जीव लावणारी आहेत. पण रस्त्यात कुणी माझ्या भाषेत हाक मारत नाही, हे रोज जाणवतं आणि रोज तेवढंच लागतं.

अशात कॉम्प्युटर घ्यायची वेळ आली. मुलीला अकरावीच्या प्रोजेक्टसाठी हवा होता आणि फोटोंवर काम करायलाही. फोटो काढण्याचं तिला वेड आहे. फोनवर काढते आणि त्याच इवल्या पडद्यावर डोळे बारीक करून रंग नीट करत बसते. आमचा खर्चाचा आकडा ठरलेला होता आणि तो फार मोठा नव्हता. मी म्हटलं, लॅपटॉप घेऊ, पिशवीत घालून कुठंही नेता येतो. ती म्हणाली, डेस्कटॉप. तेवढ्याच पैशात मोठा पडदा येतो, रंग खरे दिसतात, पुढं मेमरी वाढवता येते. एरवी वाद घालताना आवाज चढवणारी मुलगी इतकं मुद्देसूद बोलायला लागली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

चांदनीच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. दुकानदार भला होता. त्यानं तिच्या फोनमधला एकच फोटो दोन्ही पडद्यांवर लावून दाखवला. शाळेच्या फाटकाबाहेर चार-पाच मुली फुचका, म्हणजे इथली पाणीपुरी, खातायत, आणि मधोमध आमची, तोंड भरलेलं, डोळ्यांत हसून हसून पाणी. लॅपटॉपवर मान जरा तिरकी केली की चेहरे काळवंडायचे. मोठ्या पडद्यावर मात्र हिरव्या मिरचीचा तुकडासुद्धा दिसत होता. दुकानदारानं तिला बंगालीत विचारलं, हा घेऊन कुठं फिरावं लागणार आहे का? माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ना, कोथाओ जाबे ना."

कुठंही जाणार नाही. एवढं बंगाली मला येतं.

मी तिला दुकानाबाहेर घेऊन आले. म्हटलं, "हे तू एकटीनंच ठरवलंस?"

"तू आणि बाबांनी दोघांनी ठरवलं, तेव्हा मला विचारलं होतं?"

"अगं, आपण आपल्या घरी जातोय."

"तुझ्या घरी, आई. तिथं मी बंगालीसारखं 'चहा खाल्ला' म्हटलं की सगळी भावंडं पोट धरून हसतात. मावशीपण हसते. मी दोन दिवसांनी बोलायचंच बंद करते. तुला कधी दिसलं नाही?"

दिसलं होतं. मला वाटायचं, लाजते. ज्या भाषेसाठी मी इथं झुरत होते, तिच्यापुढं माझी पोर तोंड मिटून बसत होती. बाजारात गर्दी होती, हमाल खोकी घेऊन आमच्या अंगावरून जात होते, आणि आम्ही दोघी रडवेल्या तोंडानं वाटेत उभ्या. शेवटी आत जाऊन मी डेस्कटॉप घेतला.

संध्याकाळी नवऱ्यानं वायरी जोडल्या. तिनं पहिला फोटो उघडला, तो माझा. मी स्वयंपाकघराच्या दारात फोनवर बोलत होते आणि खदखदून हसत होते. हा कधी काढला, ते मला कळलंच नव्हतं.

"मावशीशी बोलताना तू अशी हसतेस," ती म्हणाली. "इथं कुणाशी बोलताना नाही. मला माहितीये, आई." फोटोतल्या माझ्या चेहऱ्यावरची सावली कमी करता करता ती सहज म्हणाली, "बारावी झाली की तू आणि बाबा जा ना सांगलीला. मी इथंच कॉलेजला जाईन. सुट्टीत येईन की तुमच्याकडे."

ती माझी समजूत घालत होती. पण सांगलीच्या ज्या घराची स्वप्नं मी बघत आले, त्यात ती कायम माझ्यासमोर जेवायला बसलेली असायची. चार दिवस राहून बॅग भरणारी ती मला कधी दिसली नव्हती. म्हणजे माझ्याजवळ ती आता दोनच वर्षं होती, आणि तिला ओढून सांगलीला नेलं, तर ती दोन वर्षंही मुकी.

मी नवऱ्याला म्हटलं, "यंदा अर्ज नको करूस. दोन वर्षं राहू इथंच."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि मान डोलावली. मुलीनं उठून मला घट्ट मिठी मारली. खूप दिवसांनी मारली होती, म्हणून मीही सोडली नाही.

नंतर बहिणीचा फोन आला. तिनं एक घर पाहिलं होतं, पूर्वेला गॅलरी, खाली भाजीवाली बसते. ती उत्साहानं एकेक सांगत होती आणि मी सगळं ऐकून घेतलं. स्वयंपाकघर केवढं आहे, तेही विचारलं.