डोळा लागला तर घरी आणंल का?

मंडळी, तुमच्याकडं पहिला ट्रॅक्टर घेताना घरची मोठी माणसं काय बोलली होती? आमचं ऐका.

आज अण्णांना, म्हणजे वडलांना घेऊन माजलगावच्या शोरूमला गेलतो. सेल्समन इंजिनाची ताकद सांगत होता. अण्णा बैल पारखतात तसे मागं जाऊन उभे राहिले. "धा पावलं चालवून दाखीव."

चाल पसंत पडली. मग विचारलं, "डोळा लागला तर घरी आणंल का हे?"

सेल्समन लई हसला. मला न्हाई हसू आलं. लहानपणी बाजारातून येताना अण्णा बैलगाडीत झोपायचे, मी त्यांच्या मांडीवर. बैलं बरोबर आमच्याच दारात थांबायची.

ट्रॅक्टर ठरवला. परतताना अण्णा गावाच्या फाट्यावर एवढंच म्हणाले, "आता आपल्यातल्या एकाला जागं ऱ्हावं लागंल."