पाहुण्यांसाठी भरलेली विहीर

माझं सगळं आयुष्य न दिसणाऱ्या पाण्यामागे गेलं. जमिनीखालचं पाणी कुठून कुठे जातं, किती वेगानं जातं, याचं संगणकावर मॉडेल करायचं, हा माझा उद्योग. घरी कुणी विचारलं की आई सांगायची, "ती विहिरी मोजते." माझ्या संशोधनाचं इतकं नेमकं वर्णन मला कुठल्याही परिषदेत ऐकायला मिळालं नाही.

मॉडेल म्हणजे फार गूढ काही नाही. नकाशावर चौकोन आखायचे. प्रत्येक चौकोनात पाऊस किती मुरतो, उपसा किती होतो, खडक पाणी किती पुढे जाऊ देतो, हे संगणकाला सांगायचं. मग तो सांगतो की अमुक ठिकाणी पाणी इतक्या खोलीवर असायला हवं. आपण तिथल्या विहिरीवर जायचं, टेप सोडायची आणि त्याचं खरंखोटं करायचं. जुळलं तर चहा प्यायचा, नाही जुळलं तर पुन्हा डोकं खाजवत बसायचं. माझा स्वभाव मुळात तापट, त्यामुळे न जुळणाऱ्या विहिरीशी माझं अगदी भावकीतलं भांडण असे.

शिरूर आणि दौंडच्या मधल्या पट्ट्यात मी बरीच वर्षं फिरले. नदीच्या अंगाला ऊसच ऊस, आणि जरा वर माळाला लागलं की पायाखाली नुसता काळा खडक. अशाच एका माळावरच्या वस्तीत माझी मोजणीची एक विहीर होती. ती ज्यांची, त्यांना सगळी वस्ती आक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. नवरा लवकर गेलेला, एकुलता मुलगा कुरकुंभला कारखान्यात शिफ्टला, शेती सगळी आक्कांच्या अंगावर. जायच्या आधी मी फोन करायचा, हा आमचा शिरस्ता. गेलं की अंगणात सतरंजी अंथरलेली, भाकरी खाल्ल्याशिवाय सुटका नाही, आणि विहिरीला भर उन्हाळ्यातही छान पाणी.

या छान पाण्यानंच माझ्या डोक्याला ताप केला होता. आजूबाजूचे सगळे चौकोन जुळत, हा एक जुळेना. संगणक म्हणे, इथलं पाणी तळाला गेलेलं असणार. टेप म्हणे, चांगलं वर आहे. शेवटी मी टेपची बाजू घेतली. खाली एखादी मोठी भेग असणार, तिच्यातून लांबून पाणी येत असणार, असं गृहीत धरलं आणि मॉडेल सुतासारखं सरळ आलं. त्या भेगेवर मी एका परिषदेत निबंधही वाचला. लोकांनी माना डोलावल्या.

त्या वर्षी माझ्या मॉडेलवरून सरकारी पाणीयोजनेसाठी एक नकाशा करायचा होता. टंचाईचे चौकोन लाल, पुरेसं पाणी असलेले हिरवे. लाल वस्त्यांना पिण्याच्या पाण्याची नवी विहीर मिळणार होती. आक्का दर फेरीला विचारायच्या, "आमच्या इहिरीचं कवा व्हनार?" मी म्हणायची, "आक्का, तुमच्याकडे तर एवढं पाणी आहे." त्यावर त्या आणखी एक भाकरी वाढायला उठायच्या. मला वाटायचं, माणसाला पुरे म्हणणं जमतच नाही.

नकाशा सोमवारी द्यायचा होता. त्याआधीच्या गुरुवारी मी विद्यार्थ्यांना घेऊन इनामगावला नदीकाठचे मातीचे थर दाखवायला गेले होते. परतताना सहज गाडी आक्कांच्या वस्तीकडे वळवली. फोन केलेला नव्हता. विहिरीजवळ गेले तर कठड्यावरून एक काळा पाइप आत सोडलेला, आणि त्यातून धो धो पाणी विहिरीत पडतंय. पाइपचं दुसरं टोक वरच्या शेततळ्यात, जिथे त्या डाळिंबाच्या बागेसाठी पाणी साठवत. विहिरीतून पाणी काढताना जन्मभर पाहिलं होतं, विहिरीत ओतताना पहिल्यांदाच पाहत होते.

"आक्का, हे काय?"

"फोन न्हाई करायचा व्हय?" त्या चांगल्याच ओशाळल्या. "रविवारी पोराला बघाया पावणं यायचेत. पोरीकडची मान्सं आदी इहिरीत वाकून बघत्यात. कोरडी इहीर दावली तर लेक दील का कुनी?"

"आणि मी येते तेव्हा?"

"तुमीबी पावण्याच की, बाई."

मी कठड्यावर बसूनच राहिले. माझी ती लांबून येणारी भेग, तो निबंध, सगळं या काळ्या पाइपातून आलं होतं. आधी हसू आलं, मग हिशेब लक्षात आला. मी प्रत्येक वेळी शहाण्यासारखी फोन करत होते, आणि प्रत्येक वेळी डाळिंबासाठी राखलेलं पाणी माझ्या मानापोटी विहिरीत जात होतं. मला इतका मोठा पाहुणचार आयुष्यात कुणी केला नाही. त्याची मला लाजही वाटली आणि रागही आला.

मग मी सरळ सांगितलं. या भरलेल्या विहिरीमुळेच तुमची वस्ती नकाशावर हिरवी झाली आहे, आणि हिरवी राहिली तर नवी विहीर येणार नाही. आक्कांना समजावून सांगावं लागलं नाही. तळ्याचं ते शेवाळलेलं पाणी काही पिण्याच्या कामाचं नव्हतं. उन्हाळ्यात टँकरमागे पळणाऱ्या बायकांत त्याही असत, फक्त माझ्या फेरीच्या दिवशी नसत.

"मग आता वो?"

उपाय एकच होता. वरून सोडलेलं पाणी आजच उपसून तळ्यात परत टाकायचं. नंतर विहिरीला हात लावायचा नाही. झऱ्यांनी जेवढं आपसूक येईल तेवढं मी रविवारी सकाळी मोजणार, कारण त्याआधी पातळी स्थिरावत नाही. म्हणजे पाहुण्यांनाही तेवढंच दिसणार. पाहुण्यांचा दिवस बदला, असं म्हणायचा मला धीर झाला नाही. त्या मुलासाठी आक्का किती घरं पालथी घालत होत्या, हे मला ठाऊक होतं.

त्यांनी पडणाऱ्या पाण्याकडे एकदा बघितलं. मग "बघू," एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

रविवारी पोहोचले तेव्हा पाइप गुंडाळून गोठ्याच्या खांबाला टांगलेला होता. मी टेप सोडली, सोडतच राहिले. तळाशी जेमतेम पाणी होतं, जवळजवळ संगणक म्हणत होता तेवढंच. इतकी वर्षं ज्याच्याशी भांडले, तो बिचारा खरं बोलत होता. पुढे तो चौकोन लाल झाला आणि वस्तीला विहीरही मिळाली. पण त्या सकाळी हे कुणाला माहीत नव्हतं, आणि मला जराही आनंद झाला नाही, कारण रस्त्याला पाहुण्यांची जीप दिसायला लागली होती.

मुलीचे वडील पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधीच विहिरीकडे निघाले. आक्का डोक्यावरचा पदर सारखा करत मागून. मुलगा नवा शर्ट घालून अंगणात खांबासारखा उभा. मी टेप गुंडाळत कठड्याशी, आपण इथे कशाला आहोत असं वाटत. ते वाकले, आत बघितलं. मग मान वळवून वरच्या शेततळ्याकडे बघितलं.

"तळ्यातलं सोडलं न्हाई?"

"न्हाई," आक्का म्हणाल्या. "हाय ते हे आसं हाय."

मुलीचे वडील कठड्यावर टेकले आणि त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आमी सोडलंय," ते म्हणाले. "कालपासनं. तुमी मंगळवारी पोरगी बघाया येनार म्हून."

मी त्यांचं गाव विचारलं. राहूच्या वरच्या माळावरची वस्ती. त्यांच्या शेजारच्यांची विहीर माझ्या मोजणीत होती, आणि तिथेही मी फोन करूनच जायची. माझ्या नकाशावर ती वस्ती हिरवी होती, आणि सोमवारचा नकाशा आता पुढे ढकलावा लागणार होता.

आक्का हसायला लागल्या. डोळे पुसत पुसत हसल्या.

"मंगळवारी आमी येतोच," त्या म्हणाल्या. "तेवढा पाइप काडून ठिवा. आन् ह्या बाईंना संगं आनते, टेप घिऊन."