कळलावीची मुळी आणि माझा अडकित्ता

बायकोच्या पहिल्या बाळंतपणात मला दोन उलट्या झाल्या. (तिला एकही नाही.)

संस्थानचा काळ. मी भोरला कारकून, बायको पहिलटकरीण म्हणून माहेरी आंबवड्याला. सांगावा आला तसा मी धावत पोचलो, पण दुपार झाली तरी तिची सुटका होईना. शेवटी सखूबाई सुइणीनं कळलावीची मुळी काढली. कळा वाढाव्यात म्हणून ही उगाळून बाळंतिणीच्या तळपायांना लावायची आणि मूल बाहेर पडल्याबरोबर धुवायची. धुवायला उशीर झाला तर बाईच्या जिवावर बेतायचं!

"कुनीतरी तुकडा पाडून द्या," ती म्हणाली. "पर घरातली इळी लावू नगा, जहर हाय!"

मी पुढं सरसावलो. जावई ना! पानसुपारीच्या चंचीतला अडकित्ता काढला आणि कचकन तुकडा पाडला. सासरे कौतुकानं बघत होते.

मग ओसरीवर बसून राहणं आलं. आत बायको कण्हत होती. काळजीच्या भरात मी सुपारी कातरली, तोंडात टाकली, चांगली चघळली, आणि मग माझं लक्ष अडकित्त्याकडं गेलं!

"मामा! मी मेलो!"

"आं? काय झालं?"

"मुळी... अडकित्ता... सुपारी!"

सासऱ्यांनी बोंब ठोकली, "सखूबाई, जावई चाललं!"

सखूबाई बायकोला सोडून बाहेर पळत आली. "येवढ्यानं काय हुत न्हाई, पर जोखीम नगं. मिठाचं पानी पाजा!"

चुलीवर ऊन पाणी तयारच होतं. सासऱ्यांनी हंडा उचलला, त्यात मूठभर मीठ टाकलं आणि तांब्यावर तांब्या माझ्या घशात ओतला. सखूबाई पाठीत धपाटे घालत होती. अर्धं आंबवडं अंगणात जमलं. मी ओकतोय, सासरे माझं डोकं धरून उभे, आणि तेवढ्यात आतून ट्यँ!

"पाय धुवायचं पानी कुठं हाय?" सासूबाई ओरडल्या.

ते माझ्या पोटात होतं! (उरलेलं अंगणात.) त्यांनी प्यायच्या घागरी उपड्या करून लेकीचे पाय धुतले, म्हणून निभावलं. मला लाजेनं मान वर करवेना. त्यात आतून बायकोचा क्षीण आवाज आला, "त्यास्नी बरं वाटतंय का, बघा की."

बारशाला सासऱ्यांनी सखूबाईला लुगडं दिलं. ती हलेचना.

"अन् दुसरं?"

"दुसरं कसलं?"

"दोन बाळंतपनं केली की म्या! अन् पोरीपरीस ह्योच गडी लई अडला हुता."

मी मुकाट्यानं दुसरं लुगडं दिलं. खणासकट!