त्याच्याएवढीच मशीन

सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरवरून लाकडात नक्षी कापणारी मशीन, मी धंद्यासाठी घेतला नाही, सूड उगवण्यासाठी घेतला. आज कुणी विचारलं तर प्रॉडक्शन, फिनिशिंग अशा गप्पा मारतो, पण खरं कारण एवढंच.

शारजात माझं छोटं वर्कशॉप आहे. मराठी घरांसाठी देवघरं करतो. नक्षी मी हाताने काढायची, बायकोने ती कॉम्प्युटरवर चढवायची आणि पॅनल कापून आणायचं एका बड्या वर्कशॉपवाल्याकडून. तोही मराठीच, म्हणून फाइल बिनधास्त त्याच्याकडे ठेवायचो. एकदा दुबईच्या करामा भागात ओळखीच्यांकडे माझ्याच नक्षीचं देवघर दिसलं, मागे त्याचं स्टिकर. जाब विचारायला गेलो तर कामगारांसमोर हसत म्हणाला, "अहो, नक्षीवर काय तुमचं नाव लिहिलंय? कापलं माझ्या मशीनने. खलास!" कामगारही हसले. ते हसणं मला महिनोन् महिने ऐकू यायचं.

शोरूममधल्या सेल्समनने शहाणपणाचंच सांगितलं होतं. "भाई, आपका काम दो-ढाई फुट का है. छोटीवाली ले लो, सिंगल फेज पे चलेगी." पण त्या वर्कशॉपवाल्याकडे चार बाय आठची होती, म्हणून मलाही चार बाय आठचीच हवी होती. पंचेचाळीस हजार दिरहम, म्हणजे दहा लाखांच्या वर. लेक म्हणाली, "बाबा, डू वी ईव्हन नीड दॅट?" मी कुणाचं ऐकलं नाही. मशीन शटरमधून जाईना, भिंत फोडली. थ्री फेज विजेच्या कनेक्शनसाठी खेटे घातले. ती एकदाची सुरू झाली तेव्हा त्याच्या वर्कशॉपात मुद्दाम पेढे पाठवले.

पुढच्या गणपतीआधी त्याच्या मशीनचा स्पिंडल, म्हणजे पातं फिरवणारी मोटर, जळला. मला आनंद झाला, नाकारत नाही. पेनड्राइव्ह घेऊन तो स्वतः दारात आला. "दादा, एकच पॅनल. आजच्या आज. प्लीज." फाइल उघडली तर माझीच नक्षी, मधोमध डाव्या सोंडेचा गणपती.

स्क्रीनवर मिररचं बटण असतं. एका क्लिकमध्ये डावं उजवं होतं. उजव्या सोंडेचा गणपती कडक. त्याचं सोवळं सांभाळायचं म्हणजे भल्याभल्यांची दमछाक, आपल्याकडे सहसा कुणी घरात आणत नाही. गिऱ्हाईक पॅनल त्याच्या तोंडावर फेकेल, या कल्पनेनेच मला गुदगुल्या झाल्या. तो बाहेर फोनवर बोलत होता. मी क्लिक केलं, पॅनल कापलं आणि बबल रॅपमध्ये घट्ट गुंडाळून त्याच्या हातात दिलं.

चतुर्थीनंतर त्याचा फोन आला. शिव्या खायच्या तयारीनेच मी तो उचलला. आवाज मात्र उतरलेला होता.

"दादा, ते देवघर माझ्याच घरचं होतं. आई आलीय गावाहून. सोंड बघितली, म्हटलं बदलून आणतो. तर ऐकत नाही. म्हणते, देव आपल्या मर्जीने आलाय, त्याला परत पाठवायचं नाही. आता रोज पहाटे आंघोळ, सोवळ्यात स्वयंपाक. गुडघे धरून उठते हो, सत्तरीची आहे."

जे त्याला लागायला हवं होतं ते भलत्यालाच लागलं होतं.

"आणि विचारत होती, एवढं सुबक कोरलंय कोणी? मी तुमचं नाव सांगितलं. रोज आरती झाली की तुमच्यासाठी हात जोडते."